माळावरची गवताळ धावपट्टी : खडबडीत जमीन सुधारावी कशी?



आपल्या नाशिक जिल्ह्यात विमान म्हटले की सर्वांना ओझर आठवते. १९६४ साली तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, मिग विमाने तयार होऊ लागली आणि द्राक्षबागांच्या डोक्यावरून त्यांचा आवाज घुमू लागला. त्या विमानांना तीन किलोमीटरच्या घरात जाणारी पक्की धावपट्टी लागते. ती बांधणे तुमच्या-आमच्या आवाक्यातले काम नाही. पण एक-दोन माणसांचे हलके विमान किंवा बिनइंजिनाचे ग्लायडर यांना इतके काही लागत नाही. गवताचे एक सरळ, सपाट, टणक मैदान त्यांना पुरते. पुण्याजवळ हडपसरला १९५० च्या दशकापासून ग्लायडिंग सेंटर आहे. तेथे ग्लायडर तारेच्या दोराने ओढून आकाशात चढवत आणि पोटाखालच्या एका चाकावर गवतावर उतरवत.

पिकांवर औषध फवारण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगलोरला 'बसंत' नावाचे विमान तयार केले होते. ते १९७२ च्या मार्चमध्ये प्रथम उडाले. असल्या विमानाने शेताजवळच्या साध्या मैदानावरून उडावे अशीच कल्पना होती. आज फवारणीसाठी ड्रोन आले आहेत, त्यांना बांधाचा कोपराही पुरतो. तरी वैमानिकांचे शिक्षण, ग्लायडिंग, आपत्तीच्या वेळची मदत यांसाठी अशा मैदानाचा उपयोग आहेच. म्हणून कुठे पडीक माळ दिसला की 'येथे विमान उतरेल का?' अशी चर्चा निघते. चर्चेचा शेवट बहुधा 'बुलडोझर लावा, माळ खरवडा आणि वर मुरूम टाका' असा होतो.

आमचे सांगणे नेमके याच्या उलट आहे. कोरडवाहू मुलखात गवताचा माळ खरवडून काढणे म्हणजे आहे ती धावपट्टी मोडणे होय. पैसा जातो आणि जमीनही जाते. का, ते पुढे सविस्तर देत आहोत.

गवत काढले की काय होते?

आपल्या जिल्ह्यात इगतपुरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर येवला, नांदगाव, चांदवड आणि सिन्नरच्या पूर्व भागात पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. तोही रिमझिम नव्हे. दोन-चार झडी जोराच्या आणि मध्ये कोरडे महिने. ६०० मीटर लांब व ३० मीटर रुंद पट्टी धरली तर तिचे क्षेत्र साधारण साडेचार एकर भरते. एका झडीत ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्या जागेवर नऊ लाख लिटर पाणी पडते. जमीन उघडी असेल तर हे पाणी उताराने माती घेऊन धावते, ओघळी पडतात, पुढच्या पावसात ओघळीची घळ होते. उन्हाळ्यात उघड्या मातीचा फुफाटा होतो. तो इंजिनात जातो आणि वैमानिकाला समोरचे दिसत नाही. वर टाकलेला मुरूम सैल राहिला तर त्यातले खडे विमानाच्या पंख्याने वर ओढले जातात व पात्याला टवके पडतात.

गवताची मुळे मातीला धरून ठेवतात. पाती पावसाच्या थेंबाचा मार झेलतात, पाण्याचा वेग मोडतात. घर शाकारलेले असले तर भिंत टिकते, तसेच हे आहे.

खर्चाचाही हिशोब पाहा. साडेचार एकरांवर सहा इंचांचा, म्हणजे १५ सेंटिमीटर जाडीचा मुरूम दाबून बसवायचा तर २७०० घनमीटर मुरूम लागेल. एका टिपरमध्ये पाच घनमीटर धरला तर ५४० खेपा झाल्या. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून प्रत्यक्षात खेपा याहून जास्तच लागतील. डिझेल, खाणपट्टा, रोलर वेगळे. एवढे करून गवत गेले ते गेलेच. हाच मुरूम फक्त खड्ड्यांत व खचलेल्या जागी वापरला तर काम थोडक्यात भागते.

आधी जमीन पाहा, मग अवजार हलवा

पहिले काम चालण्याचे. दोरी लावून पट्टीची मधली रेषा आखावी आणि तिच्या दोन्ही बाजूंनी चार-पाच माणसांनी ओळीने चालत जावे. प्रत्येक दगड, वारूळ, घुशीचे बीळ, जुना बांध आणि गाडीच्या चाकोरीशेजारी चुन्याची खूण करावी. हे काम उन्हाळ्यात, गवत वाळून बसलेले असताना सोपे जाते. पावसाळ्यात उंच गवतात बीळ दिसत नाही, आणि जे दिसत नाही तेच विमानाचे पुढचे चाक मोडते.

दुसरी पारख जीपची. हलक्या विमानांच्या मैदानांसाठी एक सोपा ठोकताळा आहे : पट्टीवरून जीप ताशी ५० किलोमीटर वेगाने न्यावी. आतला माणूस जागेवर नीट बसून राहिला तर जमीन बरी म्हणावी. डोके टपाला लागले तर अजून काम आहे असे समजावे. जेथे गचका बसतो तेथे लगेच खूण करावी.

तिसरी पारख मातीची. मुरमाड बरड माळ सर्वांत चांगला. पाणी मुरते आणि चाक रुतत नाही. काळी चिकण जमीन त्रासाची. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून वर येते. अशा जमिनीवर पक्के काम करायचे तर मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करावे लागते, आणि ते खर्चाचे आहे. म्हणून निवड हातात असेल तर काळे रान उसाला ठेवावे आणि धावपट्टी बरडावर घ्यावी. दोघांचेही त्यातच हित आहे.

लांबी पुरेशी आहे का?

येथे बरेच जण फसतात. विमानाच्या पुस्तकात लिहिलेले अंतर समुद्रसपाटीवरचे, थंड हवेतले आणि पक्क्या धावपट्टीवरचे असते. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यात उन्हाळा कडक. उंचीवरची व तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते. वैमानिकांना शिकवला जाणारा ठोकताळा असा : दर ३०० मीटर उंचीला उड्डाणाचे अंतर दहा टक्के वाढते, उष्णता दर १० अंशांनी वाढली की आणखी दहा टक्के, आणि कोरड्या गवतावर वीस टक्के.

पुस्तकात ३०० मीटर लिहिले असेल तर आपल्याकडे उंचीमुळे ३६०, वीस अंश जादा उष्णतेमुळे ४३२ आणि गवतामुळे ५१८ मीटर लागतील. जमीन मऊ असेल तर आणखी निदान पंचवीस टक्के, म्हणजे साडेसहाशेच्या जवळ. यावर सुरक्षिततेची शिल्लक वेगळीच ठेवावी लागते. यावरून ध्यानात येईल की जमीन टणक करणे हे नुसते गचके कमी करण्याचे काम नाही. मऊ जमीन म्हणजे आखूड धावपट्टी. समोरचा बांध किंवा विजेची तार तेवढीच जवळ येते, आणि तेथे प्रश्न वैमानिकाच्या जिवाचा असतो.

दगड, बिळे आणि चाकोऱ्या

दगड वेचणे हे हातानेच करावे. नांगर किंवा खोल कुळव घालू नये. एक दगड काढायला जावे तर खालचे दहा वर येतात आणि गवताची मुळे तुटतात. मुठीएवढा व त्याहून मोठा प्रत्येक दगड उचलावा. रुतलेला दगड पहारीने काढून खड्डा लगेच भरावा. पहिल्या पावसानंतर माती धुपून नवे दगड उघडे पडतात, तेव्हा दुसरी वेचणी करावी.

वारूळ वरच्यावर छाटून उपयोग नाही. आतली पोकळी उकरून मोकळी करावी, नाहीतर पुढे चाकाखाली खचते. घुशीच्या बिळांचेही तसेच. मुरूम व माती मिसळून चार-चार बोटांचा थर द्यावा, पाणी शिंपडावे, धुम्मसने ठोकावे, मग दुसरा थर. एकदम भरून वरून रोलर फिरवला तर वरचा भाग बसतो, खालचा सैल राहतो आणि पावसाळ्यात तेथे वाटीसारखा खळगा पडतो.

चाकोरी बुजवताना कडेचे गवत मुळ्यांसकट फावड्याने चौकोनी कापून बाजूला ठेवावे, खाली भर करून तेच गवताचे तुकडे पुन्हा वर बसवावेत. मोठे उंचवटे असतील तर ते केणीने उतरवून त्याच मातीने खोलगट भाग भरावा. वरची काळसर माती आधी वेगळी काढावी आणि शेवटी तीच वर पसरावी, कारण गवत त्या मातीतच धरते.

रोलरबद्दल एक गैरसमज आहे. रोलरने उंचवटा जात नाही. त्याने फक्त सैल माती दबते आणि बोटभर खाचखळगे बसतात. सपाटी केणी-फावड्याने करायची असते, रोलर त्यानंतरचा.

खळ्याची रीत आणि वाफसा

आपल्या वाडवडिलांना टणक जमीन करणे नवे नव्हते. खळे कसे करीत ते आठवा. जागा तासून पाणी शिंपडायचे, थोडे सुकू द्यायचे, मग तिवड्याभोवती बैल फिरवायचे, चोपण्याने चोपायचे आणि शेणाने सारवायचे. पाणी टाकल्याबरोबर बैल घातले तर चिखल होतो, अगदी वाळल्यावर घातले तर माती फुटते. मधली वेळ साधायची असते. पेरणीसाठी जिला आपण वाफसा म्हणतो, तीच ही वेळ.

अमेरिकेतील प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने १९३३ साली हेच प्रयोगाने मांडले. मातीत ठराविक ओल असली तरच ती जास्तीत जास्त दाबली जाते. त्याहून कमी-अधिक ओल असेल तर कितीही रोलर फिरवा, माती पोकळच राहते. मातीची धरणे याच तत्त्वावर थराथराने दाबून बांधतात. आपले गंगापूर धरणही मातीचेच आहे, आणि नाशिकच्या 'मेरी' संस्थेत अशा कामांसाठी मातीची तपासणी होत आली आहे.

शेतावर प्रयोगशाळा नसते, पण मूठ असते. चार बोटे खालची माती घेऊन मुठीत दाबावी. गोळा झालाच नाही तर माती कोरडी. पाणी शिंपडून एक रात्र थांबावे. हाताला चिखल लागला तर ओली. दोन दिवस थांबावे. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर दोन-चार तुकडे झाले, की रोलर काढावा.

मुरूम भरलेल्या जागी आठ-दहा टनी रस्त्याचा रोलर चालतो. मात्र जेथे गवत आहे तेथे तो आणू नये. तेथे दोन-तीन टनांचा रोलर पुरे. ट्रॅक्टरमागे ओढता येईल असा पाणी भरण्याचा पोलादी पिंप-रोलर असेल तर उत्तम; वजन कमी-जास्त करता येते. फार दाबलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि गवत विरळ होते. म्हणून मृगाच्या पहिल्या पावसानंतर वाफशावर एकदा आणि पावसाळा संपताना हस्ताच्या सुमारास एकदा, इतके रोलर फिरवणे वर्षाला पुरते.

हरळी : येथे शत्रूच मित्र

उसाच्या रानात हरळी काढता काढता आपले हात मोडले. एक गाठ राहिली तरी पुढच्या साली सारा वाफा व्यापते. धावपट्टीला नेमका हाच गुण हवा असतो. हरळी जमिनीसरशी पसरते, वरून धावे आणि खालून कांड्या सोडते, तुडवली तरी मरत नाही. उन्हाळ्यात वाळून पिवळी पडली तरी जमिनीखाली जिवंत असते. खोडवा जसा तोडणीनंतर फुटतो, तशी ती पहिल्या पावसाला फुटते. म्हणून उन्हाळ्यात तिला पाणी देण्याची गरज नाही. प्यायला पाणी नसताना धावपट्टी भिजवावी असे आम्ही कधीच सुचवणार नाही.

कुसळी, पवना यांसारखी माळरानची गवते गुरांना व जमिनीला चांगली, पण त्यांचे ठोंब होतात. ठोंबाखाली माती वर आलेली आणि मध्ये खाच, त्यामुळे जीप धडधडते. असे ठोंब एकदम उपटू नयेत. दरसाल थोडे थोडे कापून मधल्या जागेत हरळी लावावी. बांधावर खणून काढलेल्या हरळीचे वीतभर तुकडे करून मृगानंतर वीत-वीत अंतरावर दाबावेत आणि वरून हलका रोलर द्यावा. बियाण्याचा खर्च नाही. उलट शेजारी आनंदाने गाडी भरून देतील! फक्त एक दक्षता घ्यावी : पट्टीच्या कडेला चर ठेवून हरळी पिकाच्या रानात जाणार नाही असे पाहावे.

खताला आपल्या कारखान्याची प्रेसमड उपयोगी आहे, पण कुजवलेली. ताजी प्रेसमड तापते व गवत पिवळे पाडते. पातळ थर द्यावा, पाती वर दिसली पाहिजेत. प्रेसमडने जमीन टणक होते अशी काहींची समजूत आहे, ती बरोबर नाही. ती गवताचे खाद्य आहे, मुरुमाची जागा घेत नाही. बगॅस व पाचट मात्र पट्टीवर मुळीच टाकू नये. ते वाऱ्याने व पंख्याने उडते आणि आगीलाही निमित्त होते. सुक्या गवताच्या आगीपासून बचावासाठी दिवाळीनंतर चोहोबाजूंनी जाळपट्टा काढून ठेवावा.

गवत चार बोटे उंच ठेवून कापावे. मुळापर्यंत छाटले तर उन्हाने जमीन उघडी पडते. कापणीला यंत्र नसेल तर मेंढ्या बसवण्याची आपली जुनी रीत येथेही चालते. मेंढ्या गवत सारखे खातात, लेंड्यांचे खत मिळते आणि बारीक खुरांनी माती दबते. धरणाच्या कामावर जो खुंट्यांचा रोलर वापरतात त्याला 'शीपफूट', म्हणजे मेंढीच्या पायाचा, रोलर म्हणतात. ओल्या जमिनीत मात्र गाई-म्हशी सोडू नयेत. त्यांच्या खुरांचे खड्डे वाळले की दगडासारखे होतात.

पाणी बाहेर काढा

पट्टीला मध्ये उंच व दोन्ही बाजूंना उतरती अशी कासवाची पाठ द्यावी. ३० मीटर रुंदीला मध्यभाग कडेपेक्षा सुमारे एक फूट उंच असला म्हणजे पुरे. कडेचे चर खोल व उभ्या काठाचे नसावेत. विमान थोडे भरकटले तर त्यात चाक जाऊन उलटेल. परातीसारखे पसरट चर करावेत आणि त्यांतही हरळी धरू द्यावी. वरच्या अंगाने येणारे पाणी पट्टीच्या आधीच आडव्या चराने वळवावे. ते एखाद्या शेततळ्यात सोडले तर दुहेरी लाभ होतो.

पाण्यापुढे भल्याभल्यांना माघार घ्यावी लागली आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. ते मैदान म्हणजे वाळलेल्या चिखलाची जमीन होती. कोरड्या ऋतूत ठीक. पावसाळ्यात भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाई. तेव्हा विमाने, वैमानिक व मेकॅनिक असा सगळा संसार घेऊन त्यांना पुण्याला जावे लागे. ओल्या जमिनीशी हट्ट न धरता त्यांनी जागा बदलली. आपणही पाऊस पडला की मुठीची पारख होईपर्यंत पट्टी बंद ठेवावी. एका दिवसाच्या घाईने पडलेली चाकोरी बुजवायला पुढचा मृग उजाडावा लागतो.

कोरड्या दिवसांतही चाके रोज एकाच ओळीवरून नेऊ नयेत. खुणेचे दगड दर पंधरवड्याला काही मीटर बाजूला घ्यावेत, म्हणजे गवताला विसावा मिळतो. हे दगड चुन्याने रंगवावेत व जमिनीत सपाट पुरावेत, वर डोके काढू देऊ नये.

आपल्या शिवारासाठी

धावपट्टी करायची तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय व जिल्हाधिकारी यांच्या परवानग्या लागतात. त्याशिवाय कोणी हात घालू नये. पण वर सांगितलेले उपाय ज्याच्या त्याच्या शिवारात आजही करण्यासारखे आहेत. ऊस भरण्याची जागा, ट्रॅक्टर-ट्रॉली वळवण्याची जागा, वस्तीवरचा रस्ता यांचे दुखणे तेच आहे : मऊ जमीन, साचलेले पाणी, चाकोरी. गळीत हंगामात भरलेली ट्रॉली कलंडते ती बहुधा अशाच जागी, आणि मजुराचा पाय मोडतो तोही तेथेच. हंगाम सुरू झाल्यावर मुरूम टाकून फारसे साधत नाही, कारण तेव्हा वाफसा गेलेला असतो. कासवपाठ, पसरट चर, वाफशावर दाबलेला थर आणि कडेला राखलेले गवत एवढे हस्ताच्या पावसावर करून ठेवावे. रोलर नसेल तर भरलेली ट्रॉली वाफशावर शेजारी शेजारी चाके टाकीत फिरवावी, तोच रोलर समजावा.

थोडक्यात, उन्हाळ्यात खुणा व वेचणी, मृगात हरळी व पहिला रोलर, पावसाळ्यात विश्रांती, हस्तात दुसरा रोलर, दिवाळीनंतर जाळपट्टा. असे दोन-तीन पावसाळे नेमाने केले तर खडबडीत माळ हळूहळू चाकाखाली गुळगुळीत लागू लागतो. बुलडोझरने हेच काम दोन दिवसांत होते असे कोणी सांगू लागले, तर पहिल्या पावसानंतर ती जागा पाहून यावी आणि मगच भागभांडवलाच्या पैशाला हात लावण्याचा विचार करावा, ही सभासदांना विनंती.